'विटी' आणि 'ह्यूमरस': दोन्हीला विनोदीच म्हणायचं का?

ताई, शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढं 'विनोदी' छापलंय, मग सुनेनं सासूला ताडकन दिलेल्या उत्तराला 'ह्यूमरस रिप्लाय' लिहिलं तर मार्क का कापला, हा तुमचा प्रश्न. रास्त आहे.

'विट' म्हणजे मुळात अक्कल. जुन्या इंग्रजीतल्या 'जाणणे' या क्रियापदाच्या घरातला हा शब्द. आपला 'विद्' धातू त्याचा लांबचा भाऊबंद. इंग्रज माणसाचे 'विट्स' संपतात तेव्हा विनोद संपलेले नसतात, डोकं चालेनासं झालेलं असतं.

'ह्यूमर'चं मूळ लॅटिनमधल्या ओलाव्यात. ह्युमिडिटी त्याच गोतातली. जुने युरोपी वैद्य अंगात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार 'ह्यूमर' मानायचे, आपल्या वात-पित्त-कफासारखेच. त्यांचा तोल गेला की माणूस तऱ्हेवाईक होतो. तिथून शब्द स्वभावाला चिकटला, मग तऱ्हेवाईकपणाला आणि शेवटी त्यातल्या गमतीला. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' या नाटकाच्या नावात तो अजून स्वभावाच्याच अर्थानं आहे. (तेव्हा इकडं पैठणला नाथमहाराज हयात होते. उगीच आपलं सांगितलं.)

आता आपल्याकडचं बघा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे विटी. परभणी काढून बीड घाला, गंमत मेली. सगळा जीव यमकात.

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. आमचे शेजारी पाहुण्याच्या हाती ग्लास देताना म्हणायचे, "सावकाश प्या, लांबून आलंय, दमलं असंल." हे ह्यूमर. शब्द बदला, हिंदीत सांगा, तरी हसू येतं, कारण ते शब्दांत नाही, त्या माणसात आहे. अन् तहान त्याचीच.

म्हणून 'सेन्स ऑफ ह्यूमर' म्हणतात, 'सेन्स ऑफ विट' कुणी म्हणत नाही. विटीला आपल्याकडं 'हजरजबाबी' हा नेमका शब्द आहे. लक्षात राहत नसेल तर विटी-दांडूतली विटी आठवा. नातं काही नाही, पण तीही टोकदार, अन् टोला बसला की भुर्रकन जाते.

तुमचं 'ह्यूमरस रिप्लाय' चूक नाही, पण ताडकन उत्तराला 'विटी'च शोभतं. सरांकडं अर्धा मार्क तरी मागा.