शिकाऱ्यांना परवाना, शिक्षण आणि गस्त: याने स्थलांतरित पक्षी खरंच वाचतात का?

प्रश्नाखाली तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. तुमच्या गावच्या तलावावर हिवाळ्यात रात्री जाळी लावून बदकं धरतात आणि ती हायवेवरच्या ढाब्यांना जातात. आणि तुमचे एक परिचित म्हणतात की अमेरिकेत शिकारीचे परवाने मिळतात म्हणून तिथे बदकं टिकली, आपल्याकडे नुसती बंदी आहे म्हणून चोरून मारतात.

तुमच्या परिचितांचं म्हणणं अर्धं खरं आहे. राहिलेलं अर्धं कळलं नाही तर मात्र त्यातून भलताच निष्कर्ष निघेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. शिकार करत नाही, पक्षी बघतो. पण इथली पद्धत आतून समजून घ्यायची म्हणून शिकाऱ्यांसाठी सक्तीचा असलेला अभ्यासक्रम मी पूर्ण केला. हंगामात पाणथळीवर शिकारी भेटतात, त्यांच्याशी बोलणं होतं.

आधी एक गोष्ट, जी इकडे सगळ्यांना माहीत असते आणि भारतात फारशी कुणी सांगत नाही. इथे परवाना असलेला माणूस बदक मारू शकतो, विकू शकत नाही. एकही नाही. हॉटेलात मिळणारं बदक पाळलेलं असतं. रानातलं बदक शिकाऱ्याने स्वतः खायचं, घरच्यांना किंवा मित्राला द्यायचं, पण त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

हा नियम सुखासुखी आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इथे बाजारासाठी शिकार करणं हा धंदा होता. होडीच्या नाळेवर अवजड बंदूक बसवायची आणि एका बारात डझनावारी बदकं पाडायची. मी राहतो त्या खोऱ्यातली बदकं सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात जात. त्याच काळात प्रवासी कबुतर, जे कोट्यवधींच्या थव्यांनी आकाश झाकायचं, ते संपलं. शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. १९०० मध्ये लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राणी-पक्ष्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी विक्री गुन्हा ठरवली. १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला आणि १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला. बाजार बंद करणारे कायदे हे असे आधी आले. बदकांच्या शिकाऱ्याला लागणारं केंद्र सरकारचं तिकीट १९३४ चं आणि बंदुकीच्या सुरक्षिततेचा सक्तीचा वर्ग १९४९ चा, तोही सुरुवातीला एकट्या न्यूयॉर्क राज्यात. हा क्रम महत्त्वाचा आहे.

कायदा झाल्यावरही चोरटा बाजार इथे कित्येक दशकं चालू होता. रात्री भाताच्या खाचरात चरणाऱ्या थव्यावर सरपटत जाऊन गोळीबार करायचा आणि माल शहरात पोचवायचा. तो मोडला तो गिऱ्हाईक बनून बदकं विकत घ्यायला गेलेल्या अधिकाऱ्यांनी. तळ्यावरची गस्त तेवढी पुरली नसती, कारण माल कुठे जातो हे तळ्यावर उभं राहून दिसत नाही.

आता शिक्षण. मी केलेल्या अभ्यासक्रमात बंदूक सुरक्षित कशी धरायची हा भाग मोठा होता, पण मला जास्त मोलाचा वाटला तो पक्षी ओळखण्याचा भाग. कॅलिफोर्नियात अलीकडच्या हंगामांत दिवसाला सात बदकं मारता येतात, पण त्यात मॅलार्ड या जातीच्या माद्या दोनच. काही जातींची मर्यादा याहून कमी असते. म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात, वेगाने उडणाऱ्या थव्यात नर कुठला आणि मादी कुठली हे घोडा ओढण्याआधी कळलं पाहिजे. कळत नसेल तर बार टाकायचा नाही. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून आत अडसर बसवावा लागतो. दाणे टाकून बदकं जमवायची नाहीत, जिवंत बदक आमिष म्हणून बांधायचं नाही. हे तिन्ही नियम १९३५ पासूनचे आहेत. शिशाच्या छर्ऱ्यांना बदकांच्या शिकारीत देशभर १९९१ पासून बंदी आहे, कारण चिखलात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. शिकाऱ्याचा नेम चुकला तरी त्याचं शिसं पुढे कितीतरी वर्षं पक्षी मारत राहतं. हे वर्गात समजावून सांगितल्यावर बहुतेक जण गप्प बसून ऐकतात, असं मी पाहिलं.

परवाना म्हटल्यावर आपल्याला कचेरीतला शिक्का आठवतो. इथे परवान्याचं खरं काम मोजणीचं आहे, आणि मला या सगळ्या पद्धतीतली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. परवाना घेताना गेल्या हंगामात साधारण किती आणि कुठले पक्षी मारले हे सांगावं लागतं. त्यातून निवडलेल्या शिकाऱ्यांना सरकार लिफाफे पाठवतं. मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख त्यात घालून टपालाने पाठवायचा. हंगाम संपला की जीवशास्त्रज्ञ एकत्र जमून ते हजारो पंख टेबलांवर मांडतात आणि पिसांवरून जात, नर की मादी, यंदाचं पिल्लू की जुना पक्षी, हे ठरवतात. पिल्लांचं प्रमाण घसरलं असेल तर विणीचं वर्ष वाईट गेलं हे कळतं. शिवाय १९५५ पासून दर वसंतात विमानं ठरलेल्या रेषांवरून उडतात आणि विणीच्या प्रदेशातली बदकं आणि पाण्याची डबकी मोजतात. पुढच्या हंगामाचे दिवस आणि रोजची मर्यादा या आकड्यांवरून ठरते. आकडे खाली आले की मर्यादाही खाली येते.

पैसा कुठून येतो, हेही बघा. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी ‘डक स्टॅम्प’, म्हणजे वर सांगितलेलं केंद्र सरकारचं तिकीट, घ्यावा लागतो. पहिला स्टॅम्प १९३४ मध्ये एका डॉलरचा होता. तो डिंग डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने काढला होता, आणि तेच तेव्हा वन्यजीव खात्याचे प्रमुखही होते. आज तो २५ डॉलरला मिळतो आणि प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट थेट पाणथळ जागा विकत किंवा कराराने घेण्याकडे जातात. आजवर त्यातून साठ लाख एकरांच्या आसपास जागा राखली गेली आहे. मीही दरवर्षी घेतो, कारण तो दाखवला की राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांत प्रवेश फुकट मिळतो आणि पैसे पाण्यालाच लागतात. तुम्हाला विचित्र वाटेल, पण त्याच अभयारण्यांच्या काही भागांत ठरलेल्या दिवशी शिकार चालते. कित्येक ठिकाणी आत जाताना नोंद करावी लागते आणि बाहेर पडताना पिशवीतले पक्षी दाखवावे लागतात.

गस्त घालणारे वॉर्डन माणसांच्या आणि जमिनीच्या मानाने फार थोडे आहेत. तरीही धाक आहे, कारण नियम तपासायला सोपे ठेवलेत. बार काढायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे वॉर्डन लांब उभा राहून नुसत्या आवाजावरून चोर ओळखतो. घरी नेताना बदकाचा पिसांसकट एक पंख किंवा डोकं तसंच ठेवायचं, म्हणजे जात लपवता येत नाही. आणि बऱ्याचदा खबर दुसरा शिकारीच देतो. जो पैसे भरतो, नियम पाळतो, त्याला नियम मोडणाऱ्याचा राग येतो. हा राग जागा करणं हे मला शिक्षणाचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

परिणाम? सायन्स या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाले. माळरानावरचे पक्षी निम्म्याहून खाली आले. त्याच काळात बदकं आणि हंसांचा गट मात्र ५६ टक्क्यांनी वाढला. ज्यांची शिकार होते ते वाढले, ज्यांना कुणी हात लावत नाही ते घटले. बदकांच्या वाट्याला जमीन, पाणी आणि पैसा आला, माळरानाच्या पक्ष्यांच्या वाट्याला तेवढा आला नाही.

पण परवान्याने सगळं साधतं असं नाही. तलवार बदक, जे हिवाळ्यात आपल्या उजनीवरही उतरतं, ते इथल्या खोऱ्याचं वैभव आहे. बरीच वर्षं त्याची मर्यादा दिवसाला एक-दोनच होती, तरी ते जुन्या संख्येवर परतलेलं नाही. ते कापलेल्या पिकाच्या खुंटांत घरटं करतं आणि वसंतात नांगर फिरला की घरटं जातं. यात शिकारी काय करणार? उलट आमच्या खोऱ्यात मोठी मदत झाली ती एका वेगळ्याच कायद्यामुळे. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणथळ जागा इथे केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. १९९१ मध्ये भाताचं काड जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंधनं आली. शेतकरी ते कुजवण्यासाठी हिवाळ्यात खाचरांत पाणी सोडू लागले आणि सांडलेल्या भातावर लाखो बदकं पोसली जाऊ लागली. कायदा धूर कमी करण्यासाठी केला होता!

आणि परवाने असूनही बिघडलेलं ठिकाण म्हणजे माल्टा. छोटं बेट, युरोप-आफ्रिका वाटेवरचा पक्ष्यांचा थांबा, आणि परवानाधारक शिकारी हजारोंनी. वसंतात, म्हणजे पक्षी विणीला निघालेले असताना शिकार करू दिल्याबद्दल युरोपच्या न्यायालयाने २००९ मध्ये माल्टाविरुद्ध निकाल दिला. २०१५ च्या सार्वमतात शिकारी अडीच हजारांहूनही कमी मतांनी जिंकले. त्याच हंगामात गोळी लागलेला एक खरुची ससाणा शाळेच्या अंगणात मुलांसमोर पडला, तेव्हा पंतप्रधानांनी हंगाम मुदतीआधी बंद केला. तिथे परवाना म्हणजे मतांच्या जोरावर राखलेला हक्क झाला, तो पक्ष्यांच्या संख्येला बांधलेला राहिला नाही.

आता आपल्याकडे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढली. मी बंदीच्या बाजूने आहे. पंख गोळा करणारी, विमानाने मोजणारी, पैसा पाण्याकडे वळवणारी यंत्रणा आपल्याकडे नाही, आणि ती नसताना दिलेला परवाना म्हणजे मोजमाप नसलेली सूट. १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. परवानगीत काही कमी होती का?

आपल्या कामाचं उदाहरण नागालँडचं आहे. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या जलाशयावर ऑक्टोबरमध्ये अमूर ससाणे लाखोंनी उतरतात. २०१२ मध्ये बानो हरालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू यांनी तिथली शिकार जगासमोर आणली. मासे धरायची जाळी झाडांमध्ये टांगलेली, पक्षी जिवंत आणि धुरावून बाजारात. त्या एका हंगामात सव्वा लाखाच्या आसपास मारले गेल्याचा अंदाज होता. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, जाळी लागली नाहीत. गावपंचायतींनी ठराव करून दंड ठेवले, चर्चमधून सांगितलं गेलं, शाळकरी मुलांचे गट झाले, आणि पांगती गावात जाळी लावणारेच पुढे राखणीला उभे राहिले. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपग्रह यंत्रं बसवून नागा, वोखा, पांगती अशी नावं दिली. ते भारत ओलांडून, अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेत गेले. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी एवढं अंतर कापतो हे कळल्यावर त्याला जाळ्यात धरणं अवघड होतं. शिक्षण आणि गस्त दोन्ही होतं, परवाना एकही नव्हता.

म्हणून तुमच्या तलावाबद्दल माझा सल्ला: सुरुवात ढाब्यांपासून करा. कुठल्या ढाब्यावर कधी मिळतं, कोण पोचवतं, याची तारखेनिशी टिपणं ठेवा आणि विभागीय वनाधिकाऱ्यांना लेखी द्या. तातडीचं असेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. जाळं दिसलं तर फोटो काढा, जागा नोंदवा, पण रात्री एकट्याने ते कापायला जाऊ नका. जाळी लावणारे बहुधा तलावावर मासेमारी करणारेच असतील, तर त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. मच्छीमार सोसायटीची बैठक लावा, ग्रामसभेत ठराव घ्या, आणि हिवाळ्याचे तीन-चार महिने राखणीचं काम त्यांच्यातल्याच दोघा-तिघांना मानधनावर देता येईल का ते पाहा. लोकवर्गणीतून एवढे पैसे उभे राहू शकतात. शाळेतल्या मुलांकडून दर पंधरवड्याला बदकांची मोजणी करून घ्या. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक एवढी ओळखता आली तरी सुरुवातीला पुरे. आणि जाळ्यात किंवा बाजारात पायात रिंग असलेला पक्षी आढळला, तर रिंगवरचा क्रमांक उतरवून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. तो पक्षी कुठून आला याचं उत्तर ते देतील. ते पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.