आजी आधी भाव का विचारत नाही

प्रिय बाळा,

काल फोनवर तू वैतागून विचारलंस, "आजी मासे घ्यायला जाते आणि भाव विचारायच्या आधी दहा मिनिटं गप्पाच मारते. असं का?"

मालवणच्या त्याच बाजारात मी बारा वर्षांचा असताना एकटा बांगडे आणायला गेलो होतो. गेल्या गेल्या एका बांगड्याचे कल्ले उघडले, नाक मुरडलं आणि म्हणालो, "कालचे आहेत ना? निम्म्यात द्या." मासे विकणाऱ्या बाईची अजून भवानीही झाली नव्हती. तिने टोपलीवर ओलं फडकं ओढलं. "तुझ्या आवशीक धाड. तुका नाय गावाचे."

अर्ध्या तासाने आजी गेली. टोपली तीच. कल्ले तिनेही उघडले, घासाघीस तर माझ्या दुप्पट केली (आजी गरीब गाय आहे असं समजू नकोस). पण पहिला प्रश्न होता, "काय गो, गुडघो कसो आसा?" येताना वाट्यावर दोन बांगडे जास्त, "पोराक" म्हणून.

वाट्यावर किंमत लिहिलेली नसते रे. मासा पहाटेचा की रात्रभर बर्फात पडलेला, हे विकणारीलाच ठाऊक. ते ती कुणाला खरं सांगेल? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. हाताने जाळं फेकून, गळ टाकून जे थोडंफार मिळतं, त्यातला वाटा आजीसाठी बाजूला निघतो. मला कुणी ठेवला नसता.

कॉलेजात असताना मीही गुडघ्याची चौकशी करून पाहिली. डोळे मात्र सुरमईवर. ती म्हणाली, "गुडघो बरो आसा. तू सुरमयेचा बोल." आजूबाजूच्या सगळ्या हसल्या, आणि पैसे पुरेपूर मोजावे लागले.

इकडे आपण दुकानात मशीनसमोर पैसे भरतो. त्याच्या कुठल्या गुडघ्याची चौकशी करणार! म्हणून तुला ते विचित्र वाटतं.

उद्या आजीबरोबर जा. मोबाइल घरी ठेव, पिशवी तू धर. आता तिथे त्या बाईंची सून बसते. तिच्या मुलीची यंदा बारावी होती. निकाल काय लागला ते विचार आणि मला कळव. गेल्या खेपेला ती गणिताला घाबरली होती.

तुझा,
बाबा