भटक्या वडिलांबद्दल शोकसभेत काय बोलावं?

तुम्ही विचारलंय की वडील आयुष्यभर सह्याद्रीत भटकले, आता शोकसभेत पाच मिनिटं बोलायचंय, तर डोंगरांबद्दल किती बोलू आणि घराबद्दल किती, म्हणजे घराकडे त्यांचं लक्ष नव्हतं असं कुणाला वाटायला नको. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

निम्मं-निम्मं अजिबात करू नका. ही वाटणीच मुळात चुकीची आहे आणि ती तुमच्या डोक्यात कुणीतरी नातेवाइकाने घातली असणार. माझे बाबा गेले तेव्हा आमच्याकडेही काका उठून सगळ्यांसमोर म्हणाले, "दादाचा पहिला संसार डोंगराशी, दुसरा वहिनींशी." लोक मान हलवत होते. आई पहिल्या रांगेत बसलेली. काकांच्या नंतर माझाच नंबर होता, मी लिहून नेलेला कागद बाजूला ठेवला आणि फक्त हरिश्चंद्रगडाचा एक ट्रेक सांगितला.

मी पाचवीत असेन, भाऊ दुसरीत. आम्ही चौघं गडाच्या पायथ्याच्या खिरेश्वर गावाहून तोलार खिंडीतून चढत होतो. आता बरेच जण दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावाहून जातात, ती वाट सोपी आहे, पण बाबांचं म्हणणं की खिंडीतून गेल्याशिवाय गड केवढा पसरलाय ते कळत नाही. खिंडीच्या वर जो कातळ लागतो तिथे ते भावाच्या मागे बरोबर एक पाऊल खाली राहून चढले, म्हणजे पोराचा पाय सटकलाच तर तो बाबांच्या खांद्यावर यावा. वर पोचलं की गडावरच्या देवळापर्यंत त्या सात टेकड्या, एक उतरली की दुसरी उभीच. बाकीचे मोठे लोक पोरांना "ही शेवटचीच हं" म्हणून ओढत नेतात, बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं की सात आहेत, मोजत चल. भाऊ बोटांवर मोजत मोजत चालला आणि एकदाही रडला नाही. आई मध्ये, बाबा सगळ्यात मागे. ग्रुपसोबत असले तरी ते मागेच असायचे, वर पहिलं कोण पोचतं यात त्यांना काडीचा रस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणकड्यावर गेलो, गडाचा कोकणाच्या बाजूला सरळ तुटलेला कडा तो. पावसाळा संपत आलेला, मागून कोवळं ऊन आणि समोर दरी ढगांनी गच्च भरलेली. ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल, इंद्रवज्र दिसायला नेमकं हेच लागतं, सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली, मग धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच ते पाहिल्याचं सांगतात, ही गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवली होती की आम्हाला पाठ होती. ते स्वतः कॉलेजपासून त्या कड्यावर जात होते आणि त्यांना ते कधीच दिसलं नव्हतं.

कड्याच्या टोकाला उभं राहायचं नाही हा त्यांचा कायदा. पालथं पडून सरपटत पुढे जायचं, फक्त डोकं बाहेर. मी आणि भाऊ पालथे पडलो आणि बाबा मागे पाय रोवून बसले, एका हातात माझे घोटे, दुसऱ्या हातात भावाचे. आणि दिसलं. धुक्यावर माझ्या डोक्याची सावली आणि तिच्याभोवती रंगांचं कडं. भाऊ ओरडला "माझ्या डोक्याभोवती आहे", मी म्हणते "गप, माझ्या". आम्ही दोघं खरंच भांडलो तिथे. मागून बाबा म्हणाले, प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवती दिसतं, दोघांचंही बरोबर आहे. आई म्हणत होती की मी धरते पोरांना, तुम्ही या पुढे, लवकर. ते म्हणाले, "दोघांना एकटीने नको, जोर जातो हातातला. बघू दे त्यांना." आम्ही मागे सरकलो आणि ते पुढे झाले तोवर ढग फुटून खाली पायथ्याचं बेलपाडा गाव दिसायला लागलं होतं.

घोट्यांना त्यांच्या बोटांचे वळ होते, बराच वेळ.

हे सांगून मी खाली बसले. काकांकडे बघितलं पण नाही.

जे सभेत नाही बोलले, कारण आई समोर होती, ते इथे लिहिते. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा बाबांची सॅक माळ्यावर गेली ती आजी गेल्यानंतरच खाली आली. मधल्या काळात एक गड नाही, साधी टेकडी नाही. काका तेव्हा महिना-महिना फिरकत नव्हते. जो माणूस कधी कुणाला सोबत घेऊन कुठे गेला नाही त्याने दुसऱ्याच्या संसाराचे नंबर लावू नयेत.

असो. तुमच्या कामाचं सांगते. आधी वडिलांची सॅक उघडा. बाबांच्या सॅकेत कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी निघाली, आत काड्या आणि काडेपेटीची घासायची पट्टी कापून ठेवलेली, भिजू नये म्हणून. बूट फाटला तर बांधायला सुतळी. आणि एक वही, गडावरच्या टाक्यात पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, ढोरवाट म्हणजे गुरांची पायवाट कुठे फसवते वगैरे, आणि त्याच ओळींच्या शेजारी "हिचा गुडघा, इथून पुढे उतार नको", "धाकट्याला उंचीची भीती नाही, लक्ष ठेवणे". डोंगर आणि घर एकाच पानावर. तुमच्या वडिलांनी वही ठेवली नसेल तर त्यांच्या ग्रुपमधल्या जुन्या लोकांना फोन करा, गडाखालच्या गावात त्यांच्या ओळखीचं घर असेलच, तिथेही करा.

किती किल्ले केले, कळसूबाई कितीदा, साल्हेर कधी, ही यादी वाचू नका, ऐकणाऱ्याला त्यातलं काही लक्षात राहत नाही. निसर्गप्रेमी, कुटुंबवत्सल असले शब्द पण नकोत, ते फ्लेक्सवर छापतात. एकच ट्रेक घ्या आणि त्यात वडील कुठे चालत होते, हातात काय होतं, कुणाला काय म्हणाले एवढंच सांगा. पाच मिनिटांना पाचेकशे शब्द पुरतात, त्याहून जास्त लिहून नेलंत तर घाई होते आणि गळा दाटून आला तर थांबायला जागा राहत नाही.

हे सगळं माझ्या बाबांवरून लिहिलंय हे मात्र धरून चला. तुमचे वडील खरंच घरी फार कमी असतील आणि आईने एकटीने ओढलं असेल, तर ते झाकायला जाऊ नका, समोर बसलेल्या बाईला सगळं माहीत असतं. तेव्हा बोलायच्या आधी आईला एकदा वाचून दाखवा, आणि ती म्हणेल ते काढा. काकालोकांना दाखवायची गरज नाही.