पोस्ट उडवली, पण जर्मनीत ती अजून दिसते

प्रश्न : ताई, मी लातूरला असतो. नीटच्या तयारीसाठी इथं आलेल्या मुलामुलींसाठी मी मॅस्टोडॉनचा (ट्विटरसारखं, पण अनेकांच्या वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं समाजमाध्यम) एक छोटा सर्व्हर स्वखर्चाने चालवतो. फी नाही, जाहिरात नाही. नोट्स, शंका, कुठली मेस बरी, एवढंच तिथं चालतं. मध्यंतरी एका मुलीने सराव परीक्षेच्या गुणयादीचा फोटो टाकला. त्यात तिच्या रूममेटचं नाव, गुण आणि पालकांचा मोबाइल नंबर होता. रूममेट सतरा वर्षांची आहे. तिच्या आईचा अहमदपूरहून फोन आला, ‘अ‍ॅडमिशन करून देतो’ म्हणणारे लोक त्यांना दिवसभर छळतायत. मी पोस्ट लगेच उडवली, तरी एका जर्मन सर्व्हरवर ती दिसतेच आहे. माझी जबाबदारी कितपत?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आधी त्या माउलीचं काम करू, तुमच्या जबाबदारीचं नंतर बघू.

तुमच्या सर्व्हरवर पोस्ट टाकणाऱ्याला दुसऱ्या सर्व्हरवरचं कोणी फॉलो करत असेल, तर पोस्टची प्रत त्या सर्व्हरवर जाऊन बसते. तुम्ही पोस्ट उडवलीत की ‘ही काढा’ असा निरोप तिकडे आपोआप जातो, पण तो पाळायला लावणारी सोय या यंत्रणेत नाही. निरोप पोचला नसेल किंवा पोचूनही अंमलात आला नसेल. म्हणून त्या सर्व्हरच्या चालकाला आईच्या नावाने ईमेल करा. पत्ता बहुधा त्यांच्या माहितीच्या पानावर मिळेल. युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि चालक युरोपात असेल तर अर्जदार अहमदपूरचा असला तरी तो हक्क चालतो. उत्तराला साधारण एक महिन्याची मुदत आहे. ईमेलमध्ये पोस्टची लिंक द्या, मुलगी अल्पवयीन आहे हे लिहा, फोटो मात्र पुन्हा जोडू नका.

आता तुमचं. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागू नाही. ‘माझं तर घरचंच काम’ असं तुम्ही म्हणाल. मला ते पटत नाही. स्वीडनमध्ये चर्चचं काम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या घरच्या संगणकावरून वेबपेज काढून त्यावर सहकाऱ्यांची माहिती टाकली होती. जगात कोणीही ते पान उघडू शकतं, मग हे घरगुती कसलं, असं युरोपच्या न्यायालयाने २००३ मध्ये ठरवलं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण तुमचा सर्व्हरही कोणालाही उघडून पाहता येतो. आपल्या कायद्यात दुसरी सूट आहे ती माणसाने स्वतःच जाहीर केलेल्या माहितीला. इथं त्या मुलीने काहीच जाहीर केलेलं नाही, तिच्या मैत्रिणीने केलं.

आणि मुलांबाबत कायदा कडक आहे. अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळलेली संमती लागते. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. घाबरू नका. दंड ठरवताना चूक किती गंभीर, त्यातून फायदा झाला का, ती सावरायला वेळेवर काय केलं, हे दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाला पाहावं लागतं. म्हणून फोन कधी आला, पोस्ट कधी काढली, जर्मनीला कधी लिहिलं, याची तारखेनिशी नोंद आजच करून ठेवा.

खरं विचाराल तर माझा राग त्या गुणयादीवर आहे. गुणांशेजारी पालकांचा मोबाइल छापायचं कारणच काय? ट्यूशन एरियात चौकाचौकात मुलांचे फोटो आणि गुण लावलेले फ्लेक्स दिसतात. त्या मुलांना कोणी विचारलेलं असतं का? तुमचा सर्व्हर बंद पडून हे थांबणार नाही, आणि तो बंद पडावा असंही मला वाटत नाही. घरापासून लांब आलेल्या पोरांना बोलायला अशी एक जागा हवीच.

फक्त तिची दारं नीट लावा. मॅस्टोडॉनमध्ये मर्यादित फेडरेशनची सोय आहे. ती चालू केलीत की तुम्ही परवानगी दिलेल्या सर्व्हरशीच देवाणघेवाण होते. नोट्स वाटायला जर्मनीची गरज नाही. आयपी पत्ते (कोण कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आलं ते सांगणारे आकडे) तुम्ही काही बदललं नाही तर वर्षभर साठवले जातात, ती मुदत कमी करा. जुन्या बॅकअपमध्ये तो फोटो असेल, तोही काढा. खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते डेटाबेसमधून वाचता येतात. मुलांना हे माहीत नसतं, तेव्हा नोंदणीच्या पानावर साध्या मराठीत लिहून टाका.

आणि आईंना पुन्हा एकदा फोन करा. आपल्याकडची पोस्ट काढली, जर्मनीतली अजून आहे, त्यांना अमुक तारखेला लिहिलं आहे, असं स्पष्ट सांगा. ‘सगळं डिलीट झालं’ असं मात्र म्हणू नका.