नऊ कुटुंबांची घरे, सामाईक भिंत आणि बेलापूरचे चौक

आपला प्रश्न मी असा समजलो. नऊ कुटुंबांनी मिळून तळेगावजवळ एकत्र भूखंड घेतला आहे, प्रत्येकाची ऐपत वेगळी आहे, आणि ज्या वास्तुविशारदांशी बोलणी चालू आहेत त्यांनी भिंतीला भिंत लावून नऊ एकसारखी घरे व मागच्या कोपऱ्यात एक सभागृह असा आराखडा दिला आहे. सामाईक भिंतींमुळे खर्च वाचतो, हे त्यांचे म्हणणे मान्य करावे का, असे आपण विचारता. खर्च वाचतो, यात शंका नाही. तरीही मी या आराखड्याला होकार देणार नाही.

त्याचे कारण समजून घ्यायचे असेल तर एकदा नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरला जाऊन यावे. तेथे सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली वसाहत आहे, जिला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. कोरिया यांनी १९५८ साली मुंबईत आपला व्यवसाय सुरू केला. त्यांचे नाव निघाले की लोकांना कंबाला हिलवरचा २८ मजली कांचनजंगा मनोरा आणि त्याच्या कोपऱ्यांतल्या दुमजली उंचीच्या गच्च्या आठवतात. तो मनोरा १९८३ साली पुरा झाला आणि बेलापूरचे काम त्याच सुमारास सुरू झाले. छायाचित्रांत मनोरा देखणा दिसतो, हे कबूल; पण आपल्यासारख्यांना शिकण्याजोगे अधिक आहे ते बेलापूरच्या कौलारू घरांत.

तेथील मांडणी साधी आहे. सात घरे सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती बसवली आहेत. असे तीन गट मिळून १२ मीटरचा मोठा चौक आणि तशा तीन समूहांसाठी २० मीटरचे मैदान. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि बऱ्या उत्पन्नाच्या कुटुंबाला मिळालेल्या जमिनीत फरक थोडाच, घर मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे तो पुढच्या गोष्टीचा: एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. गावातल्या गवंड्याला जमेल असे साधे बांधकाम, आणि शेजाऱ्याला न विचारता वर किंवा मागे वाढवता येईल असे सुटे घर. काटकसर केली ती दुसऱ्या जागी, म्हणजे शेजारच्या दोन घरांची शौचालये जोडीने बांधून नळ व सांडपाण्याच्या वाहिन्यांत.

मी विद्यार्थीदशेपासून तेथे चार-पाच वेळा गेलो आहे. शेवटी गेलो तेव्हा एका चौकात मूळचे उतरत्या छपराचे एकच घर दोन तीनमजली घरांच्या मधे उरलेले होते. त्याच्या ओट्यावर एक आजीबाई तांदूळ निवडत होत्या आणि शेजारच्या वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकून त्यांच्याशी बोलत होती. बहुतेक मूळ घरे आता राहिलेली नाहीत, याची काही वास्तुविशारद हळहळ करतात. मला ती पटत नाही, कारण घरे वाढावीत म्हणूनच तर ती सुटी ठेवली होती. दोष आहेत, ते वेगळे. मजले चढल्यामुळे घरांमधल्या फटींत उजेड उरलेला नाही, चौकांत दुचाक्या दाटल्या आहेत, आणि लहान चौक जितके झाडलेले दिसतात तितकी मोठी मैदाने दिसत नाहीत. सात घरांचा चौक आपला वाटतो. साठ घरांचे मैदान कोणी झाडायचे, हे कोणालाच ठाऊक नसते.

सामाईक भिंतीचे दुखणे मी स्वतः भोगले आहे. कारकिर्दीच्या सुरुवातीला मी आठ घरांची अशीच एक ओळ बांधली. सहा वर्षांनी मधल्या घराला मुलासाठी वरचा मजला हवा झाला. तुळईचे टोक सामाईक भिंतीत घुसवले गेले, पावसाळ्यात त्या सांध्यातून शेजारच्या देवघरात पाणी उतरले आणि दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. चूक आराखड्याची होती, म्हणजे माझी.

म्हणून वास्तुविशारदांना दोन आराखडे मागा, आजचा आणि पंधरा वर्षांनंतरचा. कोणते घर कोठे व किती वाढेल, जिना कोठून चढेल, पाया आजच किती मजल्यांचा घालायचा, हे दुसऱ्यात दिसले पाहिजे. जन्माने पुण्याचे असलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत बहुतांश कुटुंबांना जोते, शौचालय-न्हाणी आणि थोडे बांधकाम एवढेच देऊन बाकीचे त्यांच्यावर सोपवले होते. तुमच्यातल्या ज्या दोन कुटुंबांची आज ओढाताण आहे त्यांना असाच मार्ग काढता येईल. मात्र भूखंड अविभक्त असल्याने चटईक्षेत्राची, म्हणजे भूखंडावर एकूण जेवढे बांधता येते त्याची, वाटणी घरागणिक लिहून नोंदवा. ते राहून गेले तर आधी बांधणारे शिल्लक संपवतील आणि थांबलेल्यांच्या हाती काही उरणार नाही. चौकाची जागा कोणालाही बांधकामासाठी किंवा कायमच्या वाहनतळासाठी घेता येणार नाही, हेही त्याच करारात यावे.

सभागृहाविषयी थोडक्यात. नऊ कुटुंबांसाठी मागच्या कोपऱ्यातली बंद खोली वर्षातून चार वेळा उघडेल आणि एरवी खुर्च्या ठेवायला वापरली जाईल. पणजीच्या कंपाल भागात कोरिया यांचीच कला अकादमी आहे. ती ठेंगणी इमारत रस्त्याकडून आत घेते आणि मोकळ्या दालनातून थेट मांडवीच्या काठाकडे नेते, त्यामुळे नाटकाचे तिकीट न काढणाऱ्यालाही तेथे टेकता येते. आपल्याला एवढे मोठे काही नको. प्रवेशाच्या वाटेवरच, चौकाला लागून, तीन बाजूंनी उघडी पडवी आणि बसायला रुंद कट्टा पुरे. पश्चिमेकडून येणारी पावसाची झड तेवढी अडवा.

बेलापूरला जाणार असाल तर शाळा सुटल्यानंतर, पाचच्या पुढे जा. दुपारी चौक रिकामे असतात. मोजपट्टी बरोबर घ्या, आणि कोणाच्या ओट्याचे छायाचित्र काढण्याआधी घरच्यांना विचारा.