मागणी बरोबर, मेल चुकला

पत्र (थोडक्यात) : ‘मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप करतेय. जूनमध्ये तापाने तीन दिवस घरी होते. १०,५०० रुपयांच्या स्टायपेंडमधून १,०५० रुपये कापले. विचारलं तर लाइन इनचार्ज म्हणाले, “ट्रेनीला कसली आलीय भरपगारी रजा?” त्या रात्री साडेअकराला मी एचआरला मेल केला. प्लांट हेडसकट आठ जणांना सीसी ठेवलं आणि अन्याय, लूट, लेबर ऑफिस असं सगळं लिहिलं. आता सोमवारी एचआरनी बोलावलंय. आई म्हणते, माफी मागून मोकळी हो. काय करू?’

उत्तर :

आईचं अर्धं ऐक. माफी माग, पण भाषेची. १,०५० रुपयांची नाही.

मेल सोबत जोडलास ते बरं केलंस. त्याच्या चौदा ओळींत ‘अन्याय’ तीनदा आलाय आणि कापलेली रक्कम एकदाही नाही. महिना कुठला, दिवस किती, डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं होतं की नाही, यातलं काहीच नाही. समज, एचआरच्या माणसाला तुझं म्हणणं पटलंही, तरी पेरोलकडे, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाकडे, पाठवायला त्याच्या हातात आहे काय? उलट आठ जणांसमोर उभं केल्यावर त्याला आधी स्वतःची बाजू सावरावी लागणार.

हा दोष एकट्या तुझा नाही. शाळेत आपण एकच पत्र घोटतो, विनंती अर्ज. ‘महोदय’पासून ‘आपला आज्ञाधारक’पर्यंत सगळं वाकून. आणि हक्काचं मागायचं झालं की आपल्याला ठाऊक असतं ते भांडण. या दोन्हींच्या मधलं, समोरच्याच्या उंचीवर उभं राहून लिहिलेलं पत्र कुणी शिकवतच नाही. त्या जुन्या अर्जातल्या दोन गोष्टी मात्र मी आजही जपते : ‘विषय’ आणि ‘संदर्भ’. त्या दोन ओळी नीट जमल्या की राग मावायला फारशी जागा उरत नाही.

आता तुझी बाजू किती भक्कम आहे ते पाहू. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) कायदा १९६१ चा, नियम १९९२ चे. किरकोळ आणि वैद्यकीय रजेच्या दिवसांचं विद्यावेतन कापू नये, असं नियमांत आहे. पण रजा किती आणि कशी मिळते हे कंपनीच्या धोरणावर ठरतं, ते आधी मागून घे. शिवाय तुझ्याच पत्राप्रमाणे सर्टिफिकेट दोन दिवसांचं आहे. तिसऱ्या दिवशी तू फक्त व्हॉट्सअ‍ॅप केलंस. म्हणजे दोन दिवसांचे ७०० रुपये ठामपणे मागता येतील आणि तिसऱ्या दिवसाबद्दल विचारावं लागेल. तिन्ही दिवस एकाच सुरात मागितलेस तर कच्चा दिवस पक्क्या दोघांनाही बुडवेल.

आणि ती लेबर ऑफिसची धमकी! कायद्याने अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. करारावरून वाद झालाच तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जातो. डिप्लोमावाल्यांसाठी आपल्याकडे ते काम मुंबईचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहतं. एचआरला हे माहीत असणार, त्यामुळे तुझी धमकी पोकळ ठरली. पहिल्या मेलमध्ये कायद्याचं नावही काढू नकोस. तो खिशात असू दे.

मी असा लिहिला असता (तुमच्याकडे इंग्रजीत लिहीत असतील तर इतक्याच आखूड वाक्यांत लिही) :

विषय : जूनच्या स्टायपेंडमधील १,०५० रुपयांची कपात
संदर्भ : १६ जूनला टाइम ऑफिसमध्ये दिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र

नमस्कार सर,
माझ्या जूनच्या स्टायपेंडमधून ११ ते १३ जूनचे १,०५० रुपये कापले गेले आहेत. ११ आणि १२ जूनच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. हे दोन दिवस वैद्यकीय रजा धरून ७०० रुपये पुढच्या स्टायपेंडमध्ये जमा करावेत, ही विनंती. १३ जूनला मी सकाळी इनचार्जना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. तो दिवस किरकोळ रजेत धरता येईल का, ते कृपया कळवावं. आणखी काही कागद हवे असल्यास लगेच देईन.

‘कापले गेले’ हे मुद्दाम लिहिलंय. शाळेत कर्मकर्तरी प्रयोग कशाला शिकवतात असं वाटायचं ना? तो इथे कामाला येतो. ‘तुम्ही कापले’ म्हटलं की समोरचा नकार शोधायला लागतो. ‘कापले गेले’ म्हटलं की त्याला चूक दुरुस्त करायला वाट राहते, कमीपणा न येता. सीसीत फक्त इनचार्ज. एचआर त्यांना विचारणारच आहे, आणि तुला त्यांच्याच हाताखाली अजून काही महिने काढायचेत. त्यांचं ते वाक्य मात्र मेलमध्ये आणू नकोस, कितीही लागलं असलं तरी. आणि हल्ली मुलं चॅटजीपीटीकडून मेल लिहून आणतात, त्यात पहिल्या तीन ओळी नुसती ख्यालीखुशाली असते. ती आधी उडव.

सोमवारी आत गेल्यावर त्यांनी काही म्हणायच्या आधी तूच बोल : ‘सर, त्या रात्रीच्या मेलची भाषा चुकली, इतक्या लोकांना पाठवायला नको होता, सॉरी. रजेचा मुद्दा आहे, तो दोन मिनिटांत सांगू का?’ या दोन वाक्यांच्या मध्ये ‘पण’ घालू नकोस, माफी तिथेच विरघळते. ते चढ्या आवाजात बोलले तर वही उघड आणि लिहून घे. लिहिणाऱ्यासमोर माणूस आपोआप सावकाश बोलतो, हे मी पालकांच्या बैठकांत कितीदा पाहिलंय. उत्तर ‘बघू’ असं आलं तर ‘कधीपर्यंत विचारू सर?’ एवढंच विचार.

त्याच संध्याकाळी तीन ओळींचा मेल टाक : आज काय बोलणं झालं, कोण काय करणार, कधीपर्यंत. वरचा मसुदा त्यालाच जोड. ठरलेल्या तारखेनंतर दोन दिवस थांबून त्याच मेलवर आठवण कर, नवा मेल सुरू करू नकोस. तरीही हालचाल झाली नाही तर मुंबईच्या मंडळाला लिही. तेव्हा हीच मेलची साखळी तुझा पुरावा होईल.

हे सगळं सोमवारी. आज इतकंच कर : टाइम ऑफिसच्या शिक्क्याची प्रत सापडते का बघ आणि १३ जूनच्या त्या व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट काढून ठेव, वेळ दिसेल असा.