स्प्रे मारूनही शिंका थांबेनात

प्रश्न : डॉक्टर, आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, खालीच टॉवेलचे माग आहेत, खिडकीच्या जाळीवर रोज पांढरा कापूस साचतो. सकाळी उठलं की वीसेक शिंका, डोळे खाजतात. मेडिकलमधून नाकाचे ड्रॉप आणले, महिना झाला, आता ते टाकल्याशिवाय झोपच येत नाही. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिलेला, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडला. काय करू?

उत्तर : ताई, आधी ते ड्रॉप. नाक मोकळं करणारे ड्रॉप ४-५ दिवसांपुरतेच असतात, जास्त टाकले की त्यांच्यामुळेच नाक बंद व्हायला लागतं, तुमचं तेच झालेलं दिसतंय, डॉक्टरांना सांगून सोडवा. आणि स्प्रेला तुम्ही वेळच दिला नाहीत हो, रोज न चुकता मारला तर पूर्ण गुण यायला २ आठवडे तरी लागतात. मारताना मान किंचित पुढं, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, नोझल मधल्या पडद्याकडं नाही, बाहेरच्या बाजूला. जोरात ओढू नका, घशात चव आली म्हणजे औषध गिळलं गेलं. त्याआधी उकळून गार केलेल्या पाण्यात मेडिकलमधली सलाईनची पुडी टाकून नाक धुतलं तर फारच छान.

जाळी ओल्या फडक्यानं पुसा, झाडून कापूस उडवू नका. अंथरूण-उशांच्या खोळी आठवड्याला गरम पाण्यात.

छातीत घरघर किंवा रात्री खोकला येत असेल तर लगेच दाखवा, दमा असू शकतो.